उसात बिबट्या, इनबॉक्सात साहेब

या वेळच्या टपालात चार पत्रं अगदी चार टोकांची आहेत. एक हिंजवडीचं, एक जुन्नर तालुक्यातल्या वस्तीवरचं, एक पुण्यातल्या अभ्यासिकेतून आणि एक ठाण्याहून. चौघांचं विचारणं मात्र एकच : माझं डोकं सतत वाईटच का बघतं, माझ्यात काही बिघाड आहे का? पाचवं पत्र लातूर जिल्ह्यातलं आहे, ते छोटं आहे. संपादकांनी या महिन्यात पान वाढवून दिलंय, म्हणून मीही हात आखडता घेतलेला नाही. पत्रं नेहमीप्रमाणे थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मॅडम, मी ३४ वर्षांची आहे, आयटी कंपनीत टीम लीड. मार्चमध्ये अप्रेझल झालं. साहेबांनी भरपूर कौतुक केलं, पगारवाढही चांगली दिली. निघताना मात्र म्हणाले, "क्लायंटसमोर तू जरा आणखी बोलायला हवं." तेव्हापासून मला फक्त तेच वाक्य आठवतं. रात्री दोनला जाग येते आणि नोकरी गेली, हप्ते थकले, इथपर्यंत गाडी जाते. साहेबांची मेल दिसली की उघडायच्या आधीच पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो, तू मुळातच निगेटिव्ह आहेस. पॉझिटिव्ह थिंकिंगची पुस्तकं वाचली, सकाळी आरशासमोर "मी सक्षम आहे" म्हणते. फरक शून्य. माझा स्वभावच वाईट आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तुमच्या यजमानांना एक विचारा. टर्म इन्शुरन्स कुणी काढला? गाडी लॉक झाली का हे बघायला पार्किंगमधून परत कोण फिरतं? विमा काढणारा प्रत्येक माणूस सही करताना स्वतःच्या मरणाचाच विचार करत असतो, त्याला आपण जबाबदार म्हणतो. तेच डोकं रात्री दोनला चाललं की निगेटिव्ह!

वाईट गोष्ट जास्त चिकटते ही तुमची एकटीची खोड नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र करून बघितलं. नातेसंबंध, पैसा, शिक्षण, आठवणी, कुठेही बघा, वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये पैशाच्या व्यवहारांबद्दल हेच मांडलं होतं. हजार रुपये सापडल्याचा आनंद हजार रुपये हरवल्याच्या दुःखाची बरोबरी करू शकत नाही. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं.

असं का, याचा हिशेब सोपा आहे. गवतात सळसळ झाली. वारा असेल किंवा जनावर. वारा असताना पळालात तर थोडी दमछाक झाली, एवढंच. जनावर असताना "वाराच असेल" म्हणत बसलात तर पुढचा हिशेब मांडायला तुम्ही उरत नाही. शंभर वेळा उगाच पळालेला माणूस जगला, त्याला मुलं झाली. एकदाच निवांत बसलेल्याचा वंश तिथेच संपला. आपण सगळे त्या उगाच पळणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांनी यासाठी धुराच्या अलार्मचं उदाहरण दिलंय. परदेशात राहिलेल्या कुणालाही विचारा, लाल मिरचीची फोडणी दिली की छतावरचा अलार्म कोकलायला लागतो. तो बिघडलेला नसतो. खऱ्या आगीच्या वेळी गप्प राहण्यापेक्षा फोडणीला ओरडलेलं बरं, म्हणून तो मुद्दामच तसा लावलेला असतो. तुमचा अलार्मही तसाच लावून आलाय, हजारो पिढ्यांपूर्वी.

आता साहेबांच्या एका वाक्यात जनावर कुठून आलं? टोळीत राहणाऱ्या माणसाला टोळीतून बाहेर काढणं म्हणजे जवळपास मरणच होतं. त्यामुळे आपल्यापेक्षा वरच्या माणसाची नापसंती हा संदेश मेंदू आजही साध्या माहितीसारखा घेत नाही, धोका म्हणून घेतो. तुमच्या साहेबांना याची कल्पनाही नसेल. ते बिचारे त्यांच्या साहेबांच्या मेलला घाबरत असतील.

आरशासमोरची वाक्यं मात्र बंद करा. कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासलं होतं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास कमी होता, त्यांना स्वतःबद्दल अशी गोड वाक्यं म्हटल्यावर बरं वाटायच्या ऐवजी उलट जास्त वाईट वाटलं. साहजिक आहे. तुम्ही म्हणता "मी सक्षम आहे" आणि आतून लगेच उलटतपासणी सुरू होते.

त्याऐवजी एक कागद घ्या. वर साहेब जे बोलले ते जसंच्या तसं लिहा : "क्लायंटसमोर तू जरा आणखी बोलायला हवं." खाली तुमच्या डोक्याने त्याला काय काय जोडलं ते लिहा. मी कुणाला आवडत नाही, पुढच्या यादीत माझं नाव, फ्लॅटचा हप्ता. वरचं एक वाक्य साहेबांचं आहे, खालचं सगळं लेखन तुमचं. वरच्या वाक्यावर काम करता येतं. पुढच्या कॉलमध्ये पहिली पाच मिनिटं तुम्ही बोला, झालं. खालच्यावर काम करता येत नाही, कारण ते घडलेलंच नाही.

आणि मेल दिसली की लगेच उघडा. न उघडता ठेवलेली मेल दर मिनिटाला मोठी होत जाते. उघडल्यावर बहुतेक वेळा आत टाइमशीट भरा एवढंच असतं. रात्री दोनला कसलाच निर्णय घ्यायचा नाही, तेव्हा येणाऱ्या विचारांना सकाळी दहाची वेळ द्या. सकाळी दहाला ते फारसे येत नाहीत असा माझा अनुभव आहे. महिनाभरात झोप सुधारली नाही तर मात्र प्रत्यक्ष कुणाला तरी भेटा, पुस्तकं पुरे.

प्रश्न : ताई, आमची वस्ती चहूबाजूंनी उसात आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या गोठ्यातून बिबट्याने वासरू नेलं. माझी मुलगी सात वर्षांची, शाळेची वाट उसाच्या कडेने. लाईट रात्रीची असते, म्हणून मालक रात्री पाणी भरायला जातात. ते येईपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसा उसाचं पान हललं तरी काळजात धस्स होतं. आता मुलगीपण एकटी संडासला जात नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही इथंच जन्म काढला, तूच लई घाबरट. मला गोळ्या सुरू कराव्या लागतील का?
– एक गृहिणी, जुन्नर तालुका

उत्तर : गोळ्या कशाला? तुमचं डोकं अगदी चोख काम करतंय. वरच्या पत्रातल्या ताईंच्या इनबॉक्समध्ये बिबट्या नाही, तुमच्या उसात आहे. ज्या कामासाठी भीती घडली त्याच कामावर ती तुमच्याकडे रुजू आहे.

सासूबाईंना नमस्कार सांगा आणि एक आठवण करून द्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा एवढा ऊस होता का? कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला बाराही महिने आडोसा मिळाला. त्यांनी ज्या शिवारात जन्म काढला ते शिवार वेगळं होतं. त्यांची न भिण्याची सवय तेव्हा बरोबर असेल, तुमची भीती आज बरोबर आहे.

मात्र भीतीला काम दिलं नाही तर ती रिकामी बसत नाही, दिवसभर पानं मोजत बसते. म्हणून आधी कामाची यादी. गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा, नुसती ताडपत्री चालत नाही. संडासच्या वाटेवर आणि दारात रात्रभर दिवा. कुत्री अंगणात मोकळी किंवा उघड्यावर बांधलेली ठेवू नका. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास केला, तेव्हा तिथल्या बिबट्यांच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सगळ्यात मोठा निघाला. म्हणजे ज्याला आपण राखण म्हणतो तेच त्याचं जेवण. मुलांनी शाळेला घोळक्याने जायचं, मोठ्याने बोलत, सोबत एक मोठं माणूस. मालकांनी रात्री एकट्याने जायचं नाही. हातात बॅटरी, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावलेली. वाकून किंवा उकिडवं बसून फार वेळ काम करायचं नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. मोटारीला मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसवता आला तर निम्म्या फेऱ्या वाचतील. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, गर्दी करू नका, आई परत येते. वनविभागाचा नंबर १९२६, तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

हे सगळं झाल्यावरही पान हललं की धस्स होणारच. ते थांबवायच्या नादी लागू नका. न्यूयॉर्कमधले मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी दाखवलंय की डोळ्या-कानांकडून आलेली खबर मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट जवळची आणि ढोबळ, ती थेट अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाकडे जाते. दुसरी लांबची, ती मेंदूच्या वरच्या थरातून, नीट पारखून जाते. जवळच्या वाटेची खबर आधी पोचते. म्हणून आधी धस्स होतं आणि मग कळतं, वारा होता. तुम्ही एवढंच करायचं की दुसऱ्या खबरीची वाट बघायची. थांबा, त्या दिशेला नीट बघा, "वारा आहे" असं तोंडाने म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. घरात पळून गेलात तर दुसरी खबर पोचतच नाही. डोक्यात नोंद राहते ती "पळाले म्हणून वाचले" अशी, आणि उद्या अर्धं पान हललं तरी पुरतं.

मुलीबद्दल सांगते, कारण ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती. रानातून आणलेलं माकड सापाला बघून घाबरतंय एवढं त्यांना दाखवलं, आणि बघता बघता तीही सापाला घाबरायला लागली. पुढे त्यांनी व्हिडिओत फेरफार करून माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं. फुलांची भीती काही ती शिकली नाहीत. म्हणजे काही भीतींसाठी जमीन आधीच नांगरलेली असते, बी पडायचा अवकाश. ते बी पडतं मोठ्यांच्या चेहऱ्यावरून.

तुमची लेक उसाकडे बघत नाही, ती तुमच्या तोंडाकडे बघते. तिच्यापुढे शूर असल्याचं नाटक करू नका, मुलांना ते लगेच कळतं. "मलापण भीती वाटते, म्हणून तर आपण बॅटरी घेऊन जातो" असं म्हणा आणि तिच्याच हातात बॅटरी द्या. संडासपर्यंत आज सोबत जा, चार दिवसांनी दारात उभ्या राहा, मग ओट्यावरून बोलत राहा. हे फक्त दिवसाउजेडी. अंधार पडल्यावर सोबत हवीच, त्यात भित्रेपणा नाही.

गोळ्यांचा विचार कधी करायचा? मालक घरात झोपलेले असतानाही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, बिबट्या गावात नाही हे माहीत असूनही दार उघडवत नसेल, तर. तेव्हा ग्रामीण रुग्णालयात विचारा, जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कुठल्या वारी येतात ते तिथे कळेल.

एक गोष्ट मात्र माझ्या हातातली नाही. पिकाला पाणी दिवसा देता आलं असतं तर तुमचं निम्मं पत्र लिहायची वेळच आली नसती. दिवसा वीज हवी ही मागणी शेतकरी वर्षानुवर्षं करताहेत. ती मागणी मानसोपचारात मोडत नाही, पण तुमच्या झोपेचं खरं औषध तिथेच आहे. ग्रामसभेत हा मुद्दा बायकांनी मांडा. "आम्हाला झोप लागत नाही" हे कारणही तिथे सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : मॅडम, मी २३ वर्षांचा, मूळचा परभणीचा. तीन वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय. पूर्व परीक्षेच्या तोंडावर अभ्यासिकेत बसलेलो असताना अचानक धडधड, घाम, हाताला मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं, संपलं आता. मित्रांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नको" म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर पुन्हा काही वेळा झालं. आता अभ्यासिकेत जायची हिंमत होत नाही, रूमवरच बसतो. नुसत्या विचाराने शरीराला एवढं होऊ शकतं का? एका मित्राने अल्प्राझोलाम नावाची गोळी दिलीय, ती खिशात ठेवतो. ही भीती मुळापासून उपटायचा काही उपाय आहे का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : "टेन्शन घेऊ नको" हा वैद्यकीय सल्ला म्हणून द्यायला खरं तर बंदी हवी. तुला जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तू नाटक करत नव्हतास आणि मरतही नव्हतास.

नुसत्या विचाराने होतं का? होतं, आणि कसं ते ऐक. हार्वर्डमधल्या वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मांजरांसमोर भुंकणारा कुत्रा आणून त्यांचं रक्त तपासलं. कुत्र्याने मांजराला स्पर्शही केलेला नव्हता, तरी रक्तात ॲड्रेनलिन हे रसायन उतरलेलं होतं. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्यांचीच, १९१५ची. तुझ्या प्रत्येक लक्षणाला त्यात काम आहे. धडधड, कारण मांड्यांच्या स्नायूंना रक्त हवं. हात गार, कारण कातडीचं रक्त आत ओढून घेतलंय. तोंड कोरडं आणि पोटात गोळा, कारण जीव वाचवताना पचन थांबलं तरी चालतं. घाम, कारण पळताना अंग तापणार. मुंग्या येतात त्या जोरजोरात श्वास घेतल्यामुळे. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं, ओठ बधिरतात, गरगरतं. पळायची एवढी जय्यत तयारी आणि तू अभ्यासिकेच्या खुर्चीत पंचायत राजचं प्रकरण उघडून बसलेला. वापर न झालेली तयारी आजारासारखी वाटते.

तू मराठवाड्याचा, विंचू तुला नवा नाही. लाल विंचवाचं विष नेमकी हीच रसायनं अंगात मोकाट सोडतं. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, आणि वेळेत उपचार नाही झाले तर हृदय आणि फुप्फुसं धोक्यात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यावर वापरून किती जीव वाचवले, हे कोकणात कुणालाही विचार. हे तुला सांगायचं कारण असं की या रसायनांचा जोर काय असतो हे तुझ्या लक्षात यावं. फरक एवढाच की दंशात विष ती आवरू देत नाही. तुझ्या बाबतीत शरीर स्वतःच सोडतं आणि स्वतःच आवरतं. साधारण दहा मिनिटांत कळस होतो आणि मग ते उतरायला लागतं. तू काहीही केलं नाहीस तरी.

गडबड पुढे होते. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये ते चक्र मांडलं. धडधड झाली, तिचा अर्थ तू "हार्ट अटॅक" असा लावलास, त्या अर्थानेच भीती वाढली, भीतीने धडधड वाढली, म्हणजे अर्थ खरा ठरला. आता तुला अभ्यासिकेची भीती नाही, धडधडीची आहे. अभ्यासिका फुकटची बदनाम झाली.

मुळापासून उपटायचं म्हणतोस, तर एका बाईची गोष्ट ऐक. संशोधनात तिला एस. एम. या आद्याक्षरांनीच ओळखतात. एका दुर्मीळ आजाराने तिच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डाला निकामी झाले. तिला सापांच्या दुकानात नेलं तर ती सापाला हात लावायला पुढे. भुतांचे सिनेमे बघून तिला जराही भीती वाटायची नाही. तुला वाटेल, वा! पण हीच बाई आयुष्यात पुन्हा पुन्हा जिवावरच्या प्रसंगांत सापडली, कुणी चाकू लावला, कुणी बंदूक. कुठल्या वाटेला जाऊ नये हे सांगणारं आत कुणी उरलेलंच नव्हतं. आणि २०१३ मध्ये संशोधकांनी तिला जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका श्वासापुरती हुंगायला दिली, तेव्हा ती मोठेपणी बहुधा पहिल्यांदाच घाबरून ओरडली. गुदमरण्याची भीती अमिग्डालाविनाही शाबूत होती. ज्याचं मूळ एवढं खोल, ते उपटायची भाषा सोड.

तू करायचं काय ते सांगते. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, आणि चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक दिवसाला किती होतात ते प्रामाणिकपणे मोज. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखलं, दुखणं हाताकडे-जबड्याकडे गेलं किंवा चक्कर येऊन पडलास, तर ते पॅनिक म्हणून अंगावर काढू नको, दवाखाना गाठ.

हे सगळं ठीक असेल तर मुद्दाम धडधड आणायची. इमारतीचा जिना भराभर चढ आणि वर जाऊन उभा राहा. धडधडीकडे लक्ष दे आणि ती आपोआप उतरताना बघ. हे रोज. मग अभ्यासिका. पहिल्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर थोडाच वेळ, पण भीती चढत असताना उठायचं नाही, उतरायला लागल्यावर उठायचं. हा नियम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचा. चढतीला उठलास की सुटका पळण्यामुळे झाली असं डोकं शिकतं. श्वास सावकाश सोड, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागू दे. प्लास्टिकच्या पिशवीत श्वास घ्यायचे व्हिडिओ फिरतात, ते अजिबात करू नको.

खिशातली गोळी मित्राला परत दे. ती सवय लावणारी आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. शिवाय न घेताही ती नुकसान करते. खिशात ती आहे म्हणून मी जगलो, असा तुझा समज पक्का होत जातो. पॅनिकवर चांगली औषधं आहेत, पण ती मनोविकारतज्ज्ञाने द्यायची. परवडण्याची अडचण असेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन कर. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता थोडं कडू. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत, वय वाढतंय, घरून पैसे येताहेत. तुझ्या उसात थोडा खरा बिबट्याही आहे आणि जिने चढून तो जाणार नाही. किती प्रयत्न करायचे आणि नंतर काय, हे वडिलांशी बोलून एकदा ठरवून टाक, तारखेसकट. वडील ओरडतील म्हणून पुढे ढकलतोयस ना? एकदा ओरडून मोकळे होऊ देत.

प्रश्न : मी ६६ वर्षांची, ठाण्याला असते. मुलगा-सून टोरांटोला. दर रविवारी त्यांच्या सकाळी दहाला फोन असतो. जरा उशीर झाला की डोळ्यांपुढे अपघातच उभा राहतो. नोव्हेंबरात एकदा तासभर फोन नाही आला, मी शेजाऱ्यांना बोलावून बसवलं. आमच्याकडे लहानपणापासून शिकवण, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मग वाटतं, माझ्या विचारानेच त्याला काही होईल. विचार घालवायला रामरक्षा सुरू करते, तर मधेच पुन्हा तेच. हे पाप आहे का हो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काकू, पाप कसलं? आणि नोव्हेंबरातलं कोडं आधी सोडवते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरांटोची घड्याळं एक तास मागे जातात. त्यांचे दहा दहालाच वाजले, तुमच्याकडे मात्र साडेसातऐवजी साडेआठ झाले. मुलगा वेळेवरच होता. मार्चमध्ये ते परत पुढे जातील, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

"मन चिंती ते वैरी न चिंती" ही म्हण जुन्या लोकांनी उगाच नाही केली. त्यांनाही ठाऊक होतं की मन असलं चिंततंच. म्हणीत "आणि तसंच घडतं" असं कुठेही नाही. विचारात तेवढी ताकद असती तर नातवाचा पहिला नंबर कधीच आला असता, त्याचं चिंतन तुम्ही कमी का केलंय?

मूल नजरेआड झालं की आईचं डोकं धोके शोधायला लागतं. ते घडलं तेव्हा मूल फार तर हाकेच्या अंतरावर असायचं. हाक मारली, ओ आली, विषय संपला. आता ओ यायला सातासमुद्रापार सर्व्हर चालू लागतो.

रामरक्षेने विचार का जात नाही? डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मुभा दिल्यावर तर, ज्यांनी आधी दाबला होता त्यांनाच तो जास्त आला. विचार नाही ना आला, हे तपासायलाही तो आठवावाच लागतो. तेव्हा रामरक्षा संध्याकाळी दिव्यापाशी म्हणा, तिच्या वेळेला, तिच्या गोडीने. विचार हाकलायची काठी म्हणून तिला वापरू नका. अपघाताचं चित्र आलं तर "आलं का आज पण" म्हणा आणि भाजी निवडत राहा.

मुलाशी एवढं ठरवा : उशीर होणार असेल तर त्याने एक मेसेज टाकायचा, आणि तुम्ही ठरल्या वेळेनंतर अर्धा तास फोन करायचा नाही. सुनेच्या ऑफिसात तर नाहीच. पहिले दोन-तीन रविवार जीव टांगणीला लागेल. लागू दे. शेजाऱ्यांना तेव्हाही बोलवा, पण चहाला.

प्रश्न : आमची आई सत्तरीची. १९९३च्या भूकंपात आमचं घर पडलं, धाकटी बहीण गेली. पुनर्वसनाच्या पक्क्या घरात आता इतकी वर्षं झाली, तरी आई दाराजवळच झोपते आणि रात्री कडी लावू देत नाही. नव्याने आलेल्या सूनबाईला कडी न लावता झोप येत नाही, त्यावरून कुरबुर होते. आईवर उपचार करावेत का?
– एक वाचक, औसा

उत्तर : ३० सप्टेंबरची ती पहाट, आदल्या दिवशीच्या विसर्जनाहून लोक येऊन झोपलेले, चारच्या सुमाराला दगड-मातीची माळवदं अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. दार गाठता आलं ती काही वाचली. तुमच्या आईचं डोकं तेव्हा एका रात्रीत एकच गोष्ट शिकलं आणि ती गोष्ट खोटी नव्हती.

त्या झोपतात ना नीट? जेवतात, नातवंडांत रमतात? दचकून उठणं, तीच स्वप्नं, ट्रक गेला तरी बाहेर पळणं, असं काही असेल तर उपचार जरूर करा, इतक्या वर्षांनीही उपयोग होतो. नसेल तर दाराजवळची झोप हा आजार नाही, त्यांची जागा आहे ती. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवा.

सूनबाईची भीतीही खरी आहे, उघड्या दाराने तिला कशी झोप लागेल? सुताराला बोलावून आतून एका हाताने, अंधारात चाचपून, झटकन निघेल अशी कडी बसवून घ्या, आईंना आडवं पडल्या पडल्या पोचेल एवढ्या उंचीवर. आणि ती रात्री लावायचं काम आईंकडेच द्या.